डबीचा दिवस

बालाघाटच्या उतारावर एक गाव होतं आणि त्या गावात अळ्या पाळणारी एक बाई राहत होती. तिचं नाव कौसाबाई. अळ्या रेशमाच्या. गावात तुती लावणारी बावीस घरं होती. त्यांचा एक गट होता. गटाच्या अळ्या एकाच दिवशी येत, एकाच दिवशी कात टाकत आणि एकाच दिवशी कोष विणायला बसत. त्यामुळे एकाला घाई असली की सगळ्यांनाच घाई असे, आणि कुणी कुणाच्या मदतीला मोकळं नसे.

कौसाबाईच्या अळ्या गटात सगळ्यांत चांगल्या निघत. तिला त्याचं कारण विचारलं तर ती म्हणे, "काय नाही, मी तिथंच बसते." ते खरंच होतं. शेवटच्या आठ-नऊ दिवसांत अळी रात्रंदिवस खाते आणि तिला ऊन सोसत नाही. उन्हाळ्यात शेडच्या चारी बाजूंना गोणपाटाचे पडदे लावून ते ओले ठेवावे लागतात. चैत्रातल्या उन्हात ओला पडदा अर्ध्या तासात वाळतो. कौसाबाई दर अर्ध्या तासाला उठे, पडद्यांवर पाणी मारी, अळ्यांकडे बघे आणि पुन्हा बसे. नवरा गेल्यापासून, म्हणजे सात वर्षं, तिने एकाही बॅचला गाव सोडलं नव्हतं.

त्या वर्षी तिची एकुलती एक मुलगी सारिका पहिल्यांदा बाळंत होणार होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण सातव्या महिन्यातच डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. सारिका लातूरला, सासरीच राहिली. तारीख निघाली ती नेमकी अळ्यांच्या शेवटच्या आठवड्यातली.

सारिकाने फोनवर एवढंच विचारलं, "आई, तू येशील ना?"

"येते की," कौसाबाई म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र ती बराच वेळ शेडच्या दारात उभी राहिली. कसं जायचं हे तिला माहीत नव्हतं.

शेजारची सगुणा म्हणाली, "सकाळ-संध्याकाळ पाला मी टाकते, अक्का. पण दिवसभर पडद्यापाशी बसणं माझ्यानं व्हायचं नाही. माझ्या अळ्या कोण बघंल?"

हे सगळं वैजनाथच्या कानावर गेलं. वैजनाथ त्याच गावचा. चौदा वर्षं शहरात प्रोग्रॅम लिहिण्याची नोकरी करून वडिलांच्या आजारपणात गावी परतला होता आणि मग गावातच राहिला होता. घरी बसून तो शहरातली कामं करी. माणूस हुशार होता, मनाने चांगला होता. आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्त वेळा आठवे, एवढंच.

गटाकडे एक डबी पडून होती. कुठल्याशा बंद पडलेल्या फुलांच्या हरितगृहातून पाइप विकत घेतले होते, त्यांच्यासोबत आलेली. हाताच्या पंजाएवढी. तिच्यात एक इवलासा संगणक होता. ती ऊन, म्हणजे हवेतली उष्णता मोजायची, वेळ मोजायची आणि मोटार चालू-बंद करायची. पण तिच्या आतला प्रोग्रॅम गुलाबांसाठी लिहिलेला होता आणि ज्या कंपनीने डबी बनवली होती ती केव्हाच उठून गेली होती. गुलाबाला जे मानवतं ते अळीला मानवत नाही. म्हणून डबी फळीवर धूळ खात होती.

वैजनाथ कौसाबाईकडे आला. म्हणाला, "मावशी, तुम्ही खुशाल जा. पडद्यांवर बारीक छिद्रांचा पाइप लावू. पाणी डबी सोडेल. तुम्ही काय काय करता ते मला सांगा, मी तिला शिकवतो."

कौसाबाईने सांगितलं. किती ऊन झालं की पाणी द्यायचं ते सांगितलं. मग म्हणाली, "आणि एक ध्यानात ठेव. सकाळी सहा ते नऊ पाणी अजिबात नको. रात्रीची ओल तेवढ्या वेळात सुकू दे. नाहीतर अळीला बुरशी लागती."

"सकाळी सहा ते नऊ पाणी बंद," वैजनाथने वहीत लिहून घेतलं.

गटाचे अध्यक्ष त्रिंबकआप्पा तिथेच बसले होते. त्यांनी विचारलं, "ह्याला खर्च किती?"

"काही नाही आप्पा. लागणारी सगळी हत्यारं फुकट मिळतात."

"फुकट?" आप्पांनी भुवया वर केल्या. "मला वांगं फुकट मिळालं तर मी आधी कीड बघतो."

वैजनाथ हसला. त्याने समजावून सांगितलं. माणूस लिहितो ते यंत्राला कळत नाही. ते यंत्राच्या बोलीत उतरवून द्यावं लागतं. हे काम करणारं एक हत्यार असतं, त्याला कंपायलर म्हणतात. जगभरच्या माणसांनी वर्षानुवर्षं खपून असे कंपायलर घडवले आहेत आणि सगळ्यांसाठी मोकळे ठेवले आहेत. कुणीही घ्यावेत, उघडून बघावेत, दुरुस्त करावेत. दुरुस्त करून दुसऱ्याला दिलेत तर ती दुरुस्तीही त्याच्यापुढे मोकळी ठेवावी, एवढीच त्यांची अट.

"ती माणसं कोण?" कौसाबाईने विचारलं.

"मला माहीत नाही, मावशी. कुणी कुठल्या देशातलं, कुणी कुठल्या. एकालाही मी भेटलेलो नाही."

"आणि त्यांनी तुला द्यावं?"

"मलाच असं नाही. जो मागेल त्याला."

कौसाबाईला हे आवडलं. ती म्हणाली, "म्हणजे विहिरीवर कुणीतरी पोहरा ठेवून गेलंय."

मग तिने आणखी विचारलं, "डबी तर ही एवढीशी. हिच्यात बसून तू लिहिणार कसा?"

"हिच्यात नाही लिहिता येत. लिहायचं माझ्या लॅपटॉपवर, उतरवायचंही तिथंच, पण हिच्या बोलीत. तयार झालं की हिच्यात भरायचं. बनतं एकीकडं, चालतं दुसरीकडं."

"त्यात काय नवल?" कौसाबाई म्हणाली. "बारक्या अळीला विळी कुठं धरता येती? पाला आपणच चिरायचा. फकस्त आपल्या तोंडाएवढा नाही, तिच्या तोंडाएवढा."

वैजनाथला हे इतकं पटलं की त्याने जोरात मान डोलावली. पण ऐकलेलं पटणं वेगळं आणि हातात उतरणं वेगळं.

तो कामाला लागला. प्रोग्रॅम त्याने दोन दिवसांत लिहिला. आधी तो त्याने आपल्या लॅपटॉपच्याच बोलीत उतरवला आणि तिथेच चालवून पाहिला. लॅपटॉपला खोटं ऊन दिलं, खोटी मोटार दिली. प्रोग्रॅम सुरेख चालला. सकाळी सहाला दिवस सुरू करी, नऊपर्यंत गप्प राही, मग उन्हाप्रमाणे पाणी सोडी. वैजनाथने तो तसाच चालू ठेवला. एक दिवस झाला, दोन झाले, आठ झाले. एकदाही चुकला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो लॅपटॉप दाखवी. "बघा, आठ दिवस अखंड." लोक बघत आणि मान हलवत.

कौसाबाईच्या जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी त्याने प्रोग्रॅम डबीच्या बोलीत उतरवला. त्यासाठी दुसरा कंपायलर होता, लहान यंत्रांसाठीचा, तोही मोकळा. काम झालं, पण लॅपटॉपच्या पडद्यावर सात-आठ पिवळ्या ओळी आल्या. हे हत्यार असे इशारे देतं. अमुक नाव लिहिलंय पण कुठे वापरलं नाही, तमुक ओळ जरा संदिग्ध आहे, असं काहीबाही. वैजनाथने पहिल्या दोन वाचल्या. त्या किरकोळ होत्या. लॅपटॉपवर हाच प्रोग्रॅम निमूट उतरला होता. तो मनाशी म्हणाला, आठ दिवस चाललेल्या प्रोग्रॅमला आता हा काय शिकवणार? आणि त्याने हत्याराला सांगितलं, इशारे दाखवू नकोस. हत्यार गप्प झालं.

प्रोग्रॅम डबीत भरला. घड्याळ नऊवर लावून डबी टेबलावर ठेवली. ऊन मोजणाऱ्या तारेवर ऊबदार हात धरला की मोटारीचा खटका पडे, हात काढला की बंद होई. दोन तास त्याने हे पाहिलं. मग चहाची वेळ झाली आणि त्याने डबी बंद केली. आणखी तासभर थांबला असता तर ही गोष्ट सांगावी लागली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याने डबी शेडच्या खांबावर बसवली आणि बटण दाबलं. बारीक हिरवा दिवा लुकलुकू लागला. कौसाबाई पिशवी भरून तयार होती. पिशवीत जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी होती आणि डिंकाचे लाडू होते. सातची एसटी होती.

ती डबीसमोर उभी राहिली. "वैजू, किती दिवस चालवून बघितलंस?"

"आठ दिवस, मावशी. एकदा चुकलं नाही."

"ह्या डबीत?"

वैजनाथने खांबावरची डबी उगाच घट्ट केली. "प्रोग्रॅम तोच आहे, मावशी," तो म्हणाला.

तो शब्दाने खोटं बोलला नव्हता. पण तिने जे विचारलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं, आणि हे दोघांनाही थोडं थोडं कळलं. कौसाबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने अळ्यांच्या रॅकवरून एकदा हात फिरवल्यासारखं केलं, हात न लावता, आणि ती निघाली. मुलगी वाट बघत होती.

वैजनाथ घरी गेला. कामात त्याचं लक्ष लागेना. आपण नीट उत्तर का दिलं नाही? 'डबीत दोनच तास चालवलंय' असं म्हटलं असतं तर ती गेली नसती. ती गेली नसती तर ते बरं झालं असतं की वाईट? त्याला ठरवता येईना. एकच्या सुमाराला त्याला राहवलं नाही आणि तो उन्हातून शेडकडे निघाला.

दारातच त्याला कळलं. पडदे वाळून कडक झाले होते. आतल्या तापमापकाचा काटा सदतिसाच्या पुढे गेला होता. एरवी शेडमध्ये पाऊस पडल्यासारखा आवाज असतो. हजारो अळ्या पाला कुरतडत असतात त्याचा. तो आवाज निम्माही नव्हता. कितीतरी अळ्या पाला सोडून कडेला सरकल्या होत्या आणि मान वर करून थांबल्या होत्या.

डबीचा हिरवा दिवा मात्र लुकलुकत होता. ती बिघडली नव्हती. तिच्या चिमुकल्या काचेवर वेळ दिसत होती: सकाळचे सव्वासात. डबीच्या मते नुकतं उजाडलं होतं आणि सकाळी सहा ते नऊ पाणी द्यायचं नव्हतं.

वैजनाथने बादली उचलली. पडद्यांवर पाणी मारत तो ओरडला, "सगुणाकाकू! कुणी आहे का?"

सगुणा धावत आली. तिच्यामागून आणखी दोघीतिघी आल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं म्हणत आपापल्या शेडमधून निसटून आल्या. बादल्यांची रांग लागली. त्रिंबकआप्पाही काठी टेकत आले. त्यांनी वाळल्या पडद्यांना हात लावला, डबीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी म्हणलं नव्हतं? फुकटचं हत्यार. फुकटच्या वांग्यात कीडच निघायची."

सगळ्यांनी वैजनाथकडे पाहिलं. तो बादली हातात धरून उभा होता. आप्पांनी दिलेली ही वाट सोपी होती. नुसती मान हलवायची. कुठल्या कुठल्या देशांतली ती माणसं, त्यांना हे गाव माहीत नव्हतं. ती तक्रार करायला येणार नव्हती.

"एक मिनिट, आप्पा," तो म्हणाला. त्याने बादली सगुणाच्या हातात दिली. सायकल काढून घरी गेला, लॅपटॉप घेऊन आला आणि शेडच्या सावलीत मातीवरच बसला. हत्याराला त्याने सांगितलं, आता सगळे इशारे दाखव. प्रोग्रॅम पुन्हा उतरवला. त्याच पिवळ्या ओळी आल्या. या वेळी त्याने त्या एकेक वाचल्या. पाचवी ओळ म्हणत होती, 'हा आकडा या जागेत मावत नाही.'

आकडा होता शहाऐंशी हजार चारशे. एका दिवसाचे सेकंद. लॅपटॉपमध्ये आकडा ठेवायची जागा रांजणाएवढी. डबीत तीच जागा वाटीएवढी. वाटीत रांजण ओतला तर बरंचसं सांडणार आणि राहील तेच खरं धरलं जाणार. वाटीत उरले होते वीस हजार आठशे चौसष्ट. म्हणजे पावणेसहा तास आणि वर पावणेतीन मिनिटं. डबीचा दिवस तेवढाच होता. सहाला उजाडलं आणि पावणेबारा उलटल्यावर तिचा तो दिवस संपला आणि पुन्हा पहाट झाली. भर उन्हात ती पहाटेचा नियम पाळत बसली होती. तिला जसं सांगितलं होतं अगदी तसंच.

एवढ्यात फोन वाजला. कौसाबाई होती. आजूबाजूला दवाखान्याचा गलका ऐकू येत होता.

"वैजू, सारीला आत नेलंय रे. कळा सुरू झाल्यात. मी बाहेर बसलेय. अळ्या कशा हायेत?"

आप्पा जवळच उभे होते. त्यांना आवाज ऐकू गेला. ते हळूच म्हणाले, "बरं हाय म्हण. बाईच्या जिवाला घोर कशाला? आणि पुढं काही निघालंच तर सांगू, हत्यार फुकटचं होतं म्हणून."

आप्पा वाईट मनाने बोलत नव्हते. त्यांना खरोखर तिची काळजी होती. वैजनाथलाही तेवढ्यापुरता मोह झाला असेल. त्याने लॅपटॉपवरच्या पाचव्या ओळीकडे पाहिलं.

"वैजू? हायेस का?"

"आहे, मावशी. ऐका. डबी चुकली. बारापासून एकपर्यंत पडदे कोरडे होते. आता ओले केलेत, आतला काटा उतरायला लागलाय. बऱ्याच अळ्या खातायत. काही खात नाहीत. वरच्या रॅकवरच्या दोन ओळी जातील असं वाटतं."

त्याने मांडीवरचा लॅपटॉप मिटला.

"आणि मावशी, सकाळी तुम्ही विचारलं होतं. ह्या डबीत मी फक्त दोन तास चालवून बघितलं होतं. आठ दिवस चाललं ते माझ्या लॅपटॉपवर."

"मग हत्यार खराब निघालं म्हण की," कौसाबाई म्हणाली. तीच त्याला वाट काढून देत होती.

"नाही. हत्यारानं मला काल सांगितलं होतं. आकडा मावत नाही असं सरळ लिहून दिलं होतं. मीच त्याला गप्प बसवलं. ज्यांनी ते बनवलं त्यांचा काही दोष नाही. माझा आहे."

आप्पांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. सगुणा बादली घेऊन जागीच थांबली होती. आप्पा तिला म्हणाले, "पाणी मार की, ऐकत काय बसलीस?"

"मी परत येऊ का?" कौसाबाईने विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता. आत मुलगी होती आणि इकडे ह्या हजारो मुक्या अळ्या. "चारची एसटी हाय."

"तुमचं तुम्ही ठरवा, मावशी. मी एवढंच सांगतो, मी इथून हलणार नाही. डबी दुरुस्त होईपर्यंत नाही, आणि दुरुस्त झाल्यावर ती अख्खा दिवस आणि अख्खी रात्र नीट चालल्याचं डोळ्यांनी बघेपर्यंत नाही. तोवर पाणी मी मारीन."

कौसाबाई म्हणाली, "वैजू, तू आत्ता 'सगळं ठीक हाय' म्हणाला असतास ना, तर मला ते पटलं नसतं, मी चारची एसटी धरली असती. सकाळपासून माझ्या मनात तेच घोळायलंय. आता थांबते. आता मला तिकडचं ठाऊक हाय."

"थांबा, मावशी."

"न खाणाऱ्या अळ्या वेगळ्या काढ. बाकीच्यांना लागण नको. आणि हात धुऊन मग दुसऱ्यांना लाव."

"हो."

"आणि काही खाल्लंस का?"

सगुणाच ओरडून म्हणाली, "मी घालते त्याला जेवायला, अक्का! तू लेकीकडं बघ!"

दुपारभर बायका आळीपाळीने आल्या. मरतुकड्या अळ्या वैजनाथने एकेक करून वेचल्या. त्याला ते काम येत नव्हतं. हाताला त्यांचा थंडपणा लागे म्हणून तो त्यांना नुसत्या चिमटीत धरी. सगुणा म्हणाली, "चिमटीत धरू नकोस. पाल्यासकट उचल." त्याने तसं उचललं.

मध्ये वेळ मिळेल तसा तो प्रोग्रॅमकडे वळे. दिवसाच्या आकड्यासाठी त्याने डबीत मोठी जागा मागितली. मोठी जागा तिच्यात होती. फक्त ती मागावी लागते, लॅपटॉपसारखी आपोआप मिळत नाही. मग उरलेल्या पिवळ्या ओळीही त्याने एकेक करून दुरुस्त केल्या, अगदी किरकोळ होत्या त्याही. शेवटी हत्याराने काहीच म्हटलं नाही. या वेळी ते आपण होऊन गप्प होतं.

संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर कौसाबाईचा फोन आला. नुसता एक बारीक, चिडका, नवा आवाज ऐकू आला. वैजनाथने फोन सगळ्यांना ऐकवला. सगुणाने डोळ्यांना पदर लावला. त्रिंबकआप्पा म्हणाले, "आवाज तर चांगलाच खणखणीत हाय," आणि मग त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदाच असेल कदाचित, दुसऱ्याच्या शेडमधली बादली उचलून पडद्यावर पाणी मारलं. निम्मं त्यांच्याच धोतरावर सांडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला वैजनाथने डबीचं बटण पुन्हा दाबलं. या वेळी तो घरी गेला नाही. शेडमध्ये पोतं अंथरून बसला. नऊला पाणी सुरू झालं. पावणेबारा वाजले. तो उठून डबीजवळ गेला आणि तिच्याकडे बघत उभा राहिला. अकरा अठ्ठेचाळीस झाले. डबीनेही अकरा अठ्ठेचाळीसच दाखवले. मोटारीचा खटका पडला आणि पडद्यांवरून पाणी ओघळू लागलं. तरी तो हलला नाही. सगुणाने आणलेली भाकरी त्याने तिथेच खाल्ली. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला, डबीचा दिवस आणि गावाचा दिवस बरोबर एकाच वेळी उजाडले, तेव्हा तो घरी गेला.

मग त्याने आणखी एक काम केलं. त्या मोकळ्या हत्याराबरोबर नवशिक्यांसाठी माहितीची पानं असत. त्यांत मराठी पान नव्हतं. त्याने ते लिहिलं. साधंच लिहिलं. लहान यंत्रात आकड्याची जागा लहान असते, आणि एका माणसाने हे ध्यानात न घेतल्याने काय झालं ते. त्या माणसाचं नाव त्याने स्वतःचंच घातलं. आठवड्याने कुठल्याशा दूरच्या देशातून कुणीतरी दोन ओळी पाठवल्या: मला तुमची भाषा येत नाही, पण पान जोडलं आहे, आभार.

कौसाबाई बारसं करूनच परतली. तोवर कोष उतरवून झाले होते. दोन ओळी गेल्या होत्या, वैजनाथने म्हटल्याप्रमाणेच. ती त्या रिकाम्या रॅकसमोर थोडा वेळ उभी राहिली. तिला वाईट वाटलं, आणि ते तिने लपवलं नाही. "माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं," ती म्हणाली. मग तिने मोबाईलवर नातीचा फोटो उघडून त्याच्यापुढे धरला. "बघ. जन्मली तशी पहिल्यांदा माझ्याच मांडीवर दिली तिला. सारी म्हणाली, आधी आईकडं द्या." वैजनाथने फोटो पाहिला आणि मोबाईल दोन्ही हातांनी तिला परत दिला.

पुढच्या बॅचच्या आधी एका सकाळी त्रिंबकआप्पा वैजनाथच्या ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ पिकापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "ती डबी ह्या खेपेला माझ्या शेडात बसव. थोरल्या भावाचं ऑपरेशन हाय, मला चार दिवस जावं लागंल."

वैजनाथने हसून विचारलं, "आप्पा, हत्यार तेच आहे बरं का. फुकटचं."

"हत्याराचं मला काय कळतंय?" आप्पा म्हणाले. "मी माणूस बघून आलोय."

वैजनाथ म्हणाला, "बसवतो. पण आधी चार दिवस मी डबी घेऊन तुमच्याच शेडमध्ये बसणार. चालेल?"

"बस की," आप्पा म्हणाले. "जेवण आमच्याकडं."

तात्पर्य: ज्याच्यासाठी काही घडवायचं, ते त्याच्या मापाने घडवावं आणि त्याच्याच घरी पारखावं. चुकलंच, तर तिथे बोलायला हजर नसलेल्या उपकारकर्त्यांच्या माथी दोष मारू नये, तो आपला म्हणून सांगावा. कारण आपली चूक खरी सांगणाऱ्यावरच माणसं आपलं जिवाभावाचं सोपवून जाऊ शकतात.